विमान शिकवतात तरी कसं?

मुलांनो, एक गंमत सांगू? छोटं विमान आकाशात नेणं तुम्हांला वाटतं तितकं अवघड नसतं. धावपट्टीवर पुरेसा वेग आला आणि नाक किंचित वर उचललं, की विमान जमीन सोडतंच. खरं अवघड काम वेगळंच आहे. दुसऱ्याला विमान चालवायला शिकवणं!

शाळेत गणित चुकलं तर बाई लाल रेघ मारतात, तुम्ही खोडरबर घेता आणि पुन्हा सोडवता. पण जमिनीपासून दोन हजार फुटांवर खोडरबर कुठून आणणार? शिवाय विद्यार्थी चुकला तर शिक्षकही त्याच विमानात बसलेला असतो! त्यामुळे ‘माणूस शिकतो तरी कसा?’ या प्रश्नाचा विमान शिकवणाऱ्यांनी अगदी मनापासून विचार केला आहे. त्यांना जे सापडलं, ते तुमच्या गणिताला, पोहण्याला आणि तबल्याच्या क्लासलाही लागू पडतं. चला तर, बघू या.

मांजर, खोका आणि मासा

ही गोष्ट सुरू होते चक्क मांजरापासून. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. १८९८ साली त्यांनी आपले मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेल्या मांजराला ते लाकडी खोक्यात कोंडत आणि बाहेर मासा ठेवत. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला, की खोक्याचं दार उघडे. मांजर आधी ओरबाडायचं, फळ्यांतून पंजा घालायचं, नुसता धिंगाणा! मग कधीतरी चुकून पंजा खटक्यावर पडायचा आणि स्वारी बाहेर. पुन्हा कोंडलं, पुन्हा धिंगाणा, पण थोडा कमी. असं करत करत शेवटी मांजर आत जाताच सरळ खटक्याकडेच वळायला लागलं.

अशा प्रयोगांवरून आणि पुढच्या अभ्यासावरून थॉर्नडाइक यांनी शिकण्याचे तीन नियम मांडले. पहिला तयारीचा: शिकणाऱ्याचं मन तयार असेल तरच तो शिकतो. (मांजराला भूकच नसती तर?) दुसरा सरावाचा: पुन्हा पुन्हा केलेलं पक्कं होतं. तिसरा परिणामाचा: ज्याच्या शेवटी समाधान मिळतं ते आपण पुन्हा करतो, ज्याच्या शेवटी त्रास होतो ते टाळतो. पुढे या यादीत आणखी भर पडली. आज अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं उड्डाण शिक्षकांसाठी काढलेल्या हस्तपुस्तकात हे नियम दिलेले आहेत. म्हणजे मांजराच्या खोक्यातला धडा थेट विमानाच्या कॉकपिटमध्ये जाऊन पोचला!

तयारीच्या नियमाचं उदाहरण हवं? जे. आर. डी. टाटा लहानपणी सुट्टीत फ्रान्समधल्या हार्डलोच्या समुद्रकिनारी जात. इंग्लिश खाडी विमानानं ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओ यांचं घर तिथंच होतं. किनाऱ्यावर उतरणारी विमानं बघता बघता या मुलाच्या मनानं घेतलं, की आपणही उडायचं. पंधराव्या वर्षी त्यांना विमानातून एक छोटी फेरी मारायला मिळाली. प्रत्यक्ष शिकायची संधी यायला पुढे बरीच वर्षं गेली, पण १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांनीच मिळवला. आणि १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते स्वतः विमान चालवत मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर उतरले. मन कधीचंच तयार होतं, नाही का?

परिणामाचा नियमही असाच. पहिल्याच दिवशी शिक्षकानं हौसेनं विमान गरागरा फिरवलं आणि मुलाच्या पोटात ढवळून आलं, तर तो दुसऱ्या दिवशी येईल का? म्हणून शहाणा शिक्षक पहिलं उड्डाण सकाळच्या शांत हवेत, सरळ आणि छोटं ठेवतो. उतरताना मुलानं ‘पुन्हा कधी?’ असं विचारलं पाहिजे.

हातांनी नाही, पायांनी!

आणखी एक नियम आहे पहिल्या ठशाचा. जे पहिल्यांदा शिकतो ते मनावर घट्ट बसतं. चुकीचं बसलं तर ते पुसायला दुप्पट मेहनत!

बहुतेक नवे विद्यार्थी इथं फसतात. विमान जमिनीवरून हळूहळू धावपट्टीकडे न्यायचं असतं. समोर मोटारीसारखंच चाक दिसतं. विद्यार्थी ते डावीकडे फिरवतो आणि विमान खुशाल सरळच जातं! कारण जमिनीवर छोटं विमान वळवायचं असतं पायांनी. डावा पाय दाबला की डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे. सायकलमुळे, मोटारीमुळे हातांना लागलेली सवय इथं आड येते. चांगला शिक्षक यावर ओरडत नाही. तो म्हणतो, ‘हात मांडीवर ठेव. आता फक्त पायांनी चालव.’ दहा मिनिटांत नवा ठसा उमटायला लागतो.

आता तुमची पाळी

नुसतं वाचून काय कळणार? वहीचा एक कोरा कागद घ्या आणि नेहमीचं टोकदार विमान करा. (गच्चीच्या कठड्यावर चढून नको, घरात किंवा मैदानात उडवा.) ते नीट सरळ जातं ना? आता पंखांच्या मागच्या कडा, दोन्हीकडच्या, अगदी थोड्या वर दुमडा. उडवा. नाक वर जाईल. आता एक कड वर आणि दुसरी खाली करा. जी कड वर, त्या बाजूला विमान कलेल. खऱ्या विमानातही पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला अशाच हलत्या पट्ट्या असतात, वैमानिक त्या कॉकपिटमधून हलवतो.

आता मुद्दाम चूक करा. दोन्ही कडा चांगल्या वर दुमडा आणि विमान फेका. काय झालं? ते भसकन वर गेलं, क्षणभर थबकलं आणि नाकावर खाली आलं. शाबास! वैमानिकांना जी गोष्ट फार काळजीपूर्वक शिकावी लागते, ती तुम्ही आत्ता पाहिलीत. तिचं नाव ‘स्टॉल’.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही हं! पंख समोरच्या हवेला फार तिरका झाला, साधारण पंधरा अंशांच्या पुढे गेला, की वरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही, ती सुटते. विमानाला उचलणारा जोर एकदम घटतो आणि विमान खाली येऊ लागतं. अशा वेळी आपलं मन काय सांगेल? ‘नाक वर ओढ!’ आणि नेमकं तेच घातक असतं. नाक वर ओढलं तर पंख आणखी तिरका होतो. उपाय उलटा आहे: नाक खाली करायचं. हवा पंखाला पुन्हा धरते आणि विमान सावरतं.

जमीन वर येताना दिसत असताना नाक आणखी खाली करणं, हे कुणाला आपसूक सुचेल? म्हणून ते आधी समजून घ्यावं लागतं आणि भरपूर उंचीवर, शिक्षक शेजारी असताना, पुन्हा पुन्हा करून बघावं लागतं.

पडायला शिकवणारा माणूस

हे ज्यांनी नीट ओळखलं, त्यांत इंग्लंडच्या रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांचं नाव मोठं आहे. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू होताच एका विमान अपघातात त्यांचे दोन्ही पाय मोडले, तरी ते पुन्हा उडू लागले. १९१६ साली फ्रान्समध्ये त्यांच्या तुकडीत नवखे वैमानिक येत. जेमतेम शिकलेली ती पोरं बघून ते अस्वस्थ झाले. अशा पोरांना लढाईत पाठवणं म्हणजे मरायला पाठवणं, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी वरिष्ठांना पत्रांवर पत्रं लिहिली. शेवटी वरिष्ठांनी त्यांनाच गॉस्पोर्ट इथं शिकवायला नेमलं. १९१७ साली तिथं त्यांची खास उड्डाणशाळा उभी राहिली.

त्या काळी विमान गिरक्या घेत खाली येऊ लागलं, की वैमानिकाचं काही खरं नाही, अशी समजूत होती. म्हणून विद्यार्थ्यांना सांगत, ‘त्या वाटेला जाऊच नका.’ स्मिथ-बॅरींनी उलट केलं. विमान गिरकीत का जातं ते ते आधी समजावत, मग मुद्दाम गिरकीत न्यायला लावत आणि बाहेर कसं काढायचं ते शिकवत. दुहेरी चालकदांड्यांच्या ॲव्हरो ५०४ विमानात विद्यार्थी मुख्य वैमानिकाच्या जागी बसे, शिक्षक दुसऱ्या जागेवर. वाऱ्याच्या आवाजात बोलणं ऐकू यावं म्हणून दोघांमध्ये एक बोलण्याची नळी असे. तिला ‘गॉस्पोर्ट ट्यूब’ असंच नाव पडलं. त्यांची पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली.

भीती दाखवून माणूस गप्प बसतो. कारण समजलं, की तो सावरायला शिकतो. स्मिथ-बॅरींचा सगळा भर या दुसऱ्या गोष्टीवर होता.

पेटीच्या भात्यातून विमान

पण काही चुका आकाशात मुद्दामसुद्धा करता येत नाहीत. त्यांचं काय? त्यावर तोड काढली अमेरिकेतल्या एडविन लिंक यांनी. त्यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवायचा कारखाना होता. तिथले भाते, पंप वापरून लिंक यांनी १९२९ साली एक खोटंच विमान तयार केलं. आपल्या पेटीत हवा भरणारा भाता असतो ना, तसेच भाते फुगून-मिटून हे विमान जागच्या जागी कलत, वळत, नाक वर-खाली करत असे. सुरुवातीला लोकांना ते जत्रेतलं खेळणंच वाटलं!

१९३४ साली अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांना टपाल वाहून न्यायचं काम मिळालं. वाईट हवेत, ढगांत, केवळ घड्याळासारख्या यंत्रांकडे बघून उडायची सवय त्यांना नव्हती. अपघात होऊन वैमानिक दगावले. त्याच वर्षी लष्करानं लिंकची सहा यंत्रं विकत घेतली. आता ढगात चुकायचं ते जमिनीवरच, झाकण लावलेल्या खोक्यात! दुसऱ्या महायुद्धात अशी हजारो यंत्रं बनली. आजचे मोठे सिम्युलेटर त्यांचेच वंशज.

पठार आलं तर घाबरू नका

विमान शिकताना आणखी एक गोष्ट हमखास होते. सुरुवातीला रोज काहीतरी नवं जमतं. मग एक दिवस गाडी अडते. बहुधा विमान उतरवताना. धावपट्टीपासून काही फुटांवर नाक अलगद उचलून चाकं टेकवायची असतात. कधी फार लवकर उचललं जातं, कधी उशिरा. आठ दिवस झाले तरी तेच! विद्यार्थ्याला वाटतं, ‘आपण ढ आहोत. हे आपलं काम नाही.’

शिक्षकांना हे ठाऊक असतं. घाट चढताना मध्येच सपाट पठार लागतं, तसंच शिकण्यातही लागतं. वरवर प्रगती दिसत नाही, पण आत सगळं जुळत असतं. म्हणून पठार येणार हे ते आधीच सांगून ठेवतात. आलंच तर दोन दिवस दुसरा धडा घेतात, मग पुन्हा उतरण्याकडे वळतात. पाढे पाठ करताना, वाद्य शिकताना, इंग्रजी बोलताना तुमचंही असंच अडतं ना? मग स्वतःला ढ म्हणण्यापूर्वी विचारा, ‘हे पठार तर नाही?’

तुम्हांला उडायचंय?

अमेरिकेत १९९२ साली ‘यंग ईगल्स’ नावाचा उपक्रम सुरू झाला. हौशी वैमानिक आठ ते सतरा वर्षांच्या मुलांना आपल्या विमानातून फुकट फिरवून आणतात. आजवर २० लाखांहून अधिक मुलं अशी उडून आली आहेत. तिथं चौदाव्या वर्षी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, एकट्यानं उडवता येतं.

आपल्याकडे विद्यार्थी वैमानिकाचा परवाना सोळाव्या वर्षी मिळू शकतो, मात्र दहावी पास हवी आणि डॉक्टरी तपासणीही. खासगी वैमानिकाच्या परवान्याला १७ आणि व्यावसायिक परवान्याला १८ वर्षं पूर्ण लागतात. तुमच्या शाळा-कॉलेजात एनसीसीची हवाई शाखा असेल तर विमानांच्या प्रतिकृती बनवणं, उडवणं तिथं शिकता येतं. आणि गणित-विज्ञानाशी मैत्री आत्तापासूनच केलेली बरी, बरं का!

आई-बाबा, दोन शब्द तुमच्यासाठी. विमान शिकवणाऱ्याचा सर्वांत मोठा दिवस कोणता, माहीत आहे? ज्या दिवशी तो धावपट्टीच्या कडेला विमान थांबवून खाली उतरतो आणि विद्यार्थ्याला म्हणतो, ‘आता एक चक्कर तू एकटा मारून ये.’ त्याच्या पोटातही गोळा येतोच. पण स्टॉल करून झालेला असतो, चुका करून झालेल्या असतात, सावरणंही झालेलं असतं. म्हणून तो दार लावतो आणि बाजूला होतो. आपल्या मुलांना आपण घरात चुकायला जागा देतो का, की पहिल्याच चुकीला खेकसतो? जरा आठवून बघा.

आणि मुलांनो, ते कागदी विमान अजून हातात आहे ना? मागच्या कडा किती दुमडल्या की ते सर्वांत लांब जातं? दहा वेळा उडवा, दर वेळी एकच बदल करा आणि पावलांनी अंतर मोजून वहीत लिहून ठेवा. पहिली पाच-सहा उड्डाणं बहुतेक फसतील. त्यांचीही नोंद करा!