हिला जरा तहानलेलीच ठेवा

हॉस्टेलच्या खिडकीत ठेवलेलं पहिलं झाड बहुतेकांच्या हातून मरतं. मनी प्लांट कुजतो, गुलाबाला कीड लागते, तुळस दिवाळीच्या सुट्टीत वाळून जाते. मग 'माझ्या हाताला गुणच नाही' असं जाहीर करून आपण मोकळे! पण हार मानण्याआधी एकदा बोगनवेल आणून बघा. तीच ती, हायवेच्या दुभाजकावर गाड्यांचा धूर खात, भर मे महिन्यात राणी रंगात फुललेली.

माझी पहिली बोगनवेल मी सेकंड इयरला आणली. नर्सरीत रंगांनी लगडलेली होती. रूमवर आणल्यावर आठवड्याभरात सगळा रंग गळून पडला. मी घाबरून सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला लागलो. खतही घातलं. झाड काय, मस्त हिरवंगार झालं, हातभर फांद्या फुटल्या, पण फूल एक नाही. दिवाळीला तीन आठवडे घरी गेलो, तेव्हा पाणी कोण घालणार? परत आलो तर कुंडीतली माती खडखडीत, अर्धी पानं गळालेली आणि फांद्यांच्या टोकांना गुलाबी ठिपके! इतके महिने केलेल्या लाडांपेक्षा तीन आठवड्यांचं दुर्लक्ष तिला जास्त मानवलं होतं. (खरं सांगतो, थोडा अपमानच वाटला.)

भरपूर पाणी आणि नत्राचं खत मिळालं की बोगनवेल पानं आणि फांद्या वाढवत बसते. माती मध्ये मध्ये कोरडी पडली की फुलण्याकडे वळते. त्यामुळे पाण्याचं वेळापत्रक करूच नका. मातीत बोट घालून बघा; दोन पेरं आतपर्यंत कोरडं लागलं, किंवा पानं किंचित मलूल दिसली, तरच पाणी द्या आणि मग कुंडीच्या तळातून बाहेर येईपर्यंत द्या. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. मुळं कुजली तर मात्र हीसुद्धा वाचत नाही.

उन्हाबाबत मात्र तडजोड नाही. रोज पाच-सहा तास थेट ऊन हवंच. तुमच्या खोलीला उत्तरेची खिडकी असेल तर गच्चीची किल्ली मिळवा, नाहीतर दुसरं झाड बघा. कुंडी लहान चालते, उलट मुळं जरा दाटीत असली की ती छान फुलते. कुंडी बदलायची वेळ आलीच तर मातीचा गोळा फोडू नका, हिची मुळं नाजूक असतात. बहर संपला की फांद्या छाटा, कारण फुलं नव्या फुटीवर येतात. काटे चांगलेच लागतात, हातमोजे घाला.

आणि आपण ज्याला फूल म्हणतो ते फूल नाहीच, बरं का! ती रंगीत पानं. त्यांच्या मध्ये बारीक, पांढुरक्या नळ्या दिसतात ती खरी फुलं. त्या राणी रंगामागे बीटला लाल करणाऱ्या रंगद्रव्यांचंच कुटुंब आहे.

नावाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. 1767 मध्ये रिओ दि जानेरोला थांबलेल्या फ्रेंच मोहिमेतल्या फिलिबेर कोमेर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडाची नोंद केली आणि मोहिमेचा प्रमुख बुगँव्हिल याचं नाव त्याला दिलं. कोमेर्सोंचा मदतनीस म्हणून जहाजावर वावरणारी व्यक्ती प्रत्यक्षात झान बारे नावाची बाई होती. बायकांना जहाजावर बंदी, म्हणून पुरुषाच्या वेशात. हे झाड आधी तिच्याच नजरेला पडलं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. नाव मात्र कॅप्टनचं लागलं!

नवं रोप विकत घ्यायचीही गरज नाही. पावसाळ्यात कुणाच्या तरी कुंपणावरची छाटणी चाललेली असते, तिथे विचारून पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब फांदी मागून घ्या. पानं काढा, खालचे एक-दोन डोळे मातीत जातील अशी खोचा, माती फक्त ओलसर ठेवा आणि सावलीत ठेवा. महिना-दीड महिना काहीच घडत नाहीये असं वाटेल. उपटून मुळं आली का ते बघायचा मोह होईल. माझ्या रूममेटने तेच केलं, तीन वेळा. त्याची फांदी अर्थातच गेली. माझी चौथ्या मजल्यावरच्या ज्युनिअरकडे आहे. परवा त्याने फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, 'पाणी घालायला विसरलो, सॉरी.'