आधी कळस, मग पाया

बसा, पोरांनो, ऐसपैस बसा. वेरूळचं कैलास लेणं बघायला जाल तेव्हा शिखराकडं माना उंचावण्याआधी त्या काळ्या कातळावरनं जरा हात फिरवा, कारण देवळाची गोष्ट तिथनंच सुरू होते. साडेसहा कोटी वर्षं झाली असतील, महादेवाचं नाव घ्यायला पृथ्वीवर माणूस जन्मलेला नव्हता, तेव्हा दख्खनची भुई जागोजाग उलली, आतला तापलेला रस रानोमाळ पसरून थिजला, त्यावर दुसरा लोंढा आला, मग तिसरा, अन् भाकऱ्यांची चवड लागावी तसे डोंगर उभे राहिले. म्हणून इथं खालचा दगड थोरला, वरचा धाकटा.

पुढं आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णराजाच्या काळी पाथरवट थेट डोंगरमाथ्यावर चढले, तिन्ही बाजूंनी खोल चर खणून मधला कातळ मोकळा केला, अन् शिखरापासून छिन्नी चालवत खाली उतरले. गंमत बघा, परांची बांधायची गरजच नाही, पायाखालचा न फोडलेला दगड हीच उभं राहायची जागा! पण बांधीव देवळात चिरा फुटला तर दुसरा बसवता येतो. इथं जोत्यावरच्या हत्तीची सोंड उडाली, तर नवी आणायची कुठनं? शिवाय तो हत्ती खाली नेमका कुठं यायचा, हे वर शिखर कोरतानाच डोक्यात पक्कं हवं.

हे असं उलटं का, याची एक जुनी कथाही सांगतात. राणीनं म्हणे पण केला, देवळाचं शिखर दिसल्याबिगर अन्नाला शिवणार नाही. सगळे कारागीर डोकं खाजवत बसले, तेवढ्यात पैठणचा कोकस म्हणाला, आठवड्यात दाखवतो, अन् वरनंच सुरुवात केली! कथा ती कथा, पण कोकस हुशार खरा.

दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय, ते शिल्प चुकवू नका. वर पार्वतीनं घाबरून शंकराचा दंड धरलाय, दासी पळत सुटलीय, अन् भोळानाथ निवांत बसलाय, नुसत्या पायानं डोंगर दाबून.

सगळ्यात धाकट्या दगडाला पहिली टाकी लागली, थोरला शेवटी उजेडात आला. बडोद्याला सापडलेल्या नवव्या शतकातल्या ताम्रपटात तर लिहिलंय, की हे देऊळ घडवणारा स्वतःच चकित झाला, हे माझ्या हातनं झालं तरी कसं म्हणून. मग तुमच्या तोंडाचा आ झाला, तर त्यात लाजायचं काय?