मॉरिशसमधील मराठी वस्ती

मॉरिशसमध्ये भूमिपुत्र असा कोणी नाही. १५९८ मध्ये डच तेथे उतरले तेव्हा बेट निर्मनुष्य होते. १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतले व आफ्रिका, मादागास्कर येथून गुलाम आणून वसाहत उभारली. १८१० पासून इंग्रजांचा अंमल सुरू झाला आणि उसाचे मळे झपाट्याने वाढले. गुलामगिरी १८३५ मध्ये बंद झाली. पण मळ्यांना हात हवेच होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजीच ‘ॲटलस’ जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात आणले होते. पुढील पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख भारतीय तेथे गेले. त्यांत बिहारकडचे सर्वाधिक. मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोक, मुख्यतः कोकण व घाटावरचे, त्यामानाने थोडेच.

करार पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. गुलामगिरी उठवणाऱ्या सरकारला हे कलम खटकले नाही, याचे आश्चर्य वाटते.

मग हे लोक परतले का नाहीत? आपल्या बिरसी-गोंदियाकडचा मजूर धान निघाल्यावर कामाला बाहेर जातो, पण पेरणीची ओढ त्याला घरी आणते. मॉरिशसच्या मजुराला समुद्र आडवा होता आणि परतीचा फुकट प्रवासही पुढे बंद झाला. तरी अनेक जण परतलेच. जे राहिले त्यांना खरे रोवले ते जमिनीने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचा धंदा अडचणीत आला, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. मजुरांनी पैपैसा साठवून त्या घेतल्या. मजूर शेतकरी झाला, आणि शेतकऱ्याला गाव लागते, देऊळ लागते.

भाषेचे मात्र वेगळे झाले. मळ्यावर भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी सारे एकत्र. बोलण्याला क्रिओल पुरे. घरातली मराठी हळूहळू मागे सरली, पण गणपती आणि झाकरी टिकली. ही झाकरी म्हणजे आपल्या कोकणातली जाखडीच. आज गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते आणि सरकारी शाळांत मराठी ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते. आईकडून न आलेली भाषा मूल बाईंकडून शिकते. याला मराठीचे जगणे म्हणावे की जतन, यावर प्राध्यापक मंडळींनी अवश्य वाद घालावा.

मजूर जेथे उतरत त्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या अजून आहेत. २००६ मध्ये तो जागतिक वारसा ठरला. आगमनाची दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत: क्रमांक, नाव, बापाचे नाव, जहाज, गाव. बऱ्याच घराण्यांत त्या पहिल्या पूर्वजाचे नावच आडनाव होऊन बसले. गाव मात्र कारकुनाने कानाला आले तसे लिहिले. ते कोणत्या तालुक्यातले, हे पणतू आजही शोधत असतात.