ओव्हरटेक करताना समोर किती रस्ता मोकळा हवा?

दुपदरी रस्त्यावर पुढे ताशी ४० किमी वेगाने ट्रक चालला आहे आणि तुम्ही ६० च्या वेगाने त्याला ओव्हरटेक करणार आहात. ट्रकच्या मागचं अंतर, ट्रकची लांबी आणि पुढे सोडायचं अंतर मिळून ५० मीटर धरू. दोन्ही वेगांतला फरक ताशी २० किमी, म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. त्यामुळे ओव्हरटेकला ९ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही १५० मीटर पुढे जाता आणि समोरून ६० ने येणारी गाडीही १५० मीटर जवळ येते. म्हणजे किमान ३०० मीटर रस्ता मोकळा दिसायलाच हवा.

म्हणूनच हे नियम पाळा:

• ओव्हरटेक उजवीकडूनच करा. पुढची गाडी उजवीकडे वळण्यासाठी रस्त्याच्या मध्यावर आली असेल, तरच डावीकडून जा.
• वळण, चढाचा माथा, अरुंद पूल आणि चौकात ओव्हरटेक नको.
• मधली अखंड रेषा ओलांडू नका.
• आधी आरसा पाहा, इंडिकेटर द्या, मगच बाहेर निघा.
• मागे टाकलेली गाडी आतल्या आरशात पूर्ण दिसली की डावीकडे या.
• कोणी तुम्हाला ओव्हरटेक करत असेल, तर वेग वाढवू नका.

ट्रकवाल्याने हात किंवा इंडिकेटर दाखवून ‘जा’ म्हटलं, तरी रस्ता स्वतः पाहा. शंका वाटली तर मागेच राहा. यात फार तर दोन-चार मिनिटं जातील.