कपडे उघड्यावर की कपाटात?

नवे घर बांधताना किंवा जुन्याची डागडुजी करताना कपडे बदलण्यासाठी एक लहानशी खोली काढण्याची रीत आता आपल्याकडेही पडली आहे. तेथे एक प्रश्न हमखास उभा राहतो. कपडे खुंट्या, दांडी व उघड्या फळ्यांवर ठेवावेत, की दाराच्या कपाटात बंद करावेत? सुतार खर्चाच्या दृष्टीने उत्तर देईल, पाहुणा शोभेच्या दृष्टीने. परंतु खरे उत्तर हवे असेल, तर कापडाचे शत्रू आधी ओळखले पाहिजेत.

हे शत्रू चार: धूळ, ऊन, ओल आणि कसर. पहिले दोन उघड्यावरच्या कपड्यांना गाठतात. धुळीने कापड मळते आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाने रंग विटतो. ओल व कसर ह्यांना मात्र बंद, अंधारी व न हलवलेली जागा मानवते. म्हणजे दोन्ही पद्धतींत गुण आहेत आणि दोषही आहेत.

आपल्या दूधगंगा-वेदगंगेच्या मुलखात जून ते सप्टेंबर ओलीचे दिवस. हवेतील सापेक्ष आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की कापडावर बुरशी धरते. दमट कपडा कपाटात गेला तर ती ओल शेजारच्या कपड्यांतही पसरते. यास्तव रोज अंगावर येणारे सुती कपडे उघड्या दांडीवर, एकमेकांत बोटभर अंतर ठेवून टांगावेत. ते वारंवार धुतले जातात; तेव्हा धुळीचे भय थोडे. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्यांचे कपडे तर घरच्या कपड्यांत मिसळूच नयेत. त्यांना वेगळी खुंटी असावी.

शालू, पैठणी, ईदेची शेरवानी, शाली व घोंगडी ह्यांची गोष्ट निराळी. लोकर व रेशीम खाणारी कसर म्हणजे एका लहान पतंगाची अळी. पतंग स्वतः कापड खात नाही. घामाचे वा अन्नाचे डाग तिला विशेष आवडतात. दुसरा रुपेरी किडा पुस्तकांत असतो तोच. त्याला खळ प्रिय. इरकली लुगड्याचा पदर रेशमी व अंग सुती, म्हणून त्याला दोघांचेही भय. असे कपडे बंद जागेतच ठेवावेत, पण स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून आणि खळ न घालता. मे महिन्यात कोरड्या हवेत भरलेली पेटी पावसाळ्यात वारंवार उघडू नये. जरीचे वस्त्र स्वच्छ मलमलीत गुंडाळावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. दर ३-४ महिन्यांनी, उघडीप असलेला दिवस पाहून, घडी मोडून दुसऱ्या जागी घालावी, म्हणजे कापड घडीवर चिरत नाही.

वेखंड किंवा सुकी कडुलिंबाची पाने ठेवण्यास हरकत नाही. पण आत शिरलेली अळी त्यांनी मरेल, अशा भ्रमात राहू नये. डांबराच्या गोळ्यांविषयी मात्र सावध राहावे. काही बालकांच्या रक्तात जी-६-पीडी नावाच्या विकराची जन्मजात उणीव असते. गोळ्यांत ठेवलेली दुपटी-टोपडी अशा बाळाला तशीच घातली, तर तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते व जिवावरही बेतते. उणीव कोणास आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून तान्ह्यांच्या कपड्यांत ह्या गोळ्या कधीही ठेवू नयेत. मोठ्या मुलांच्या हातीही त्या लागू देऊ नयेत, कारण त्या खडीसाखरेसारख्या दिसतात.

कपाट लाकडी की लोखंडी? गोदरेजची पोलादी कपाटे १९२३ पासून बनू लागली, आणि पुढे पोलादी कपाटालाच 'गोदरेज' म्हणण्याची सवय लागली. लोखंडाला वाळवी लागत नाही, हा मोठा लाभ. परंतु ते थंड पडले की दमट हवेतील पाणी पत्र्यावर जमते. लाकूड थोडी ओल शोषून घेते, पण वाळवीपासून त्याला जपावे लागते. कोणतेही कपाट ओल्या भिंतीला चिकटवू नये. मागे वीतभर जागा सोडावी.

सारांश, रोजचे ते उघड्यावर, ठेवणीतले ते बंद. आणि मळलेले वा दमट कापड बंद कुठेच नाही. ह्या हिशेबाने खोलीचा एक भाग दांडीला व एक कपाटाला दिला, तर खर्चही आटोक्यात राहतो आणि आईचा शालू लेकीच्या अंगावर शोभतो.