पाटणचं ग्रहण आणि कानबाईचे रोट

विज्ञान पसरलं की धर्म आपोआप ओसरेल, हे भाकीत किती कच्चं आहे ते चाळीसगावजवळच्या पाटणला कळतं. तिथल्या देवीच्या देवळातला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, अशी ती नोंद. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे: पेठेतल्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला, आणि गावात चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. दानाचा दिवस १२०७ मधल्या चंद्रग्रहणाचा. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो, हे भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त गणिताने मांडलं होतं, त्यांच्याच ग्रंथांच्या शाळेला ग्रहणाचं पुण्य म्हणून दान मिळालं. ग्रहण कधी लागणार हे गणिताने सांगावं, त्या दिवशी काय करावं हे धर्माने. अशी वाटणी झाली की दोघंही टिकतात, असं मला वाटतं.

यावर आक्षेप येईल की ही वाटणी म्हणजे सोयीस्कर तडजोड आहे. आठशे वर्षांनंतरही गरोदर बाईला ग्रहणात विळीला हात लावू देत नाहीत. आक्षेप खरा आहे. सावलीचं कारण ठाऊक झालं म्हणून भीती जात नाही, ती घालवायला कुणाला तरी उभं राहावं लागतं. धुळे-नंदुरबारच्या सातपुड्यात आजाराचा दोष देऊन बाईला डाकीण ठरवलं, मारहाण झाली, जीवही गेले. तिथे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते पाड्यापाड्यांत गेले, आणि समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २०१३ मधल्या खुनानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. आजाराचं कारण सांगण्याचा अधिकार धर्माने सोडलाच पाहिजे. तिथे श्रद्धेचा मान राखण्याची भाषा मला मान्य नाही.

पण तो अधिकार सुटला म्हणून धर्म रिकामा होत नाही. याच भागात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी घरी बसते, तेव्हा पोटासाठी सुरत-मुंबईला गेलेले भाऊबंद गावी परततात. नारळाला देवीचं रूप देतात, रात्रभर अहिराणी गाणी चालतात, सोमवारी विसर्जन. दुर्बिणीने यातलं काहीही खोटं ठरत नाही, कारण कानबाई निसर्गाचा नियम सांगत नाही; ती विखुरलेलं कुटुंब एका चुलीपाशी आणते. तिची कसोटी वेगळी आहे: त्या कुटुंबात कोण मोजलं जातं. नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेतात ते घरातल्या पुरुषांच्या संख्येवर, माणशी सव्वा मूठ. लेकीच्या, सुनेच्या नावाची मूठ त्यात कधी पडणार, हे आता प्रत्येक भावकीने ठरवायचं आहे.