सागरी कयाकवरील मत्स्यशोधक यंत्र : विश्वसनीयतेचा प्रश्न

कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील लोकांची, दुतोंडी वल्ह्याने चालविली जाणारी अरुंद नौका होय. तिचा आधुनिक, पॉलिएथिलीनचा अवतार आज अनेक देशांत समुद्रावरील मासेमारीसाठी वापरला जातो. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहराचा ला होया हा किनारा अशा मासेमारीविषयी प्रसिद्ध आहे. येथे सागरतळावरील एक खोल घळ किनाऱ्याच्या अगदी जवळ सुरू होते. यामुळे वल्ह्याच्या अल्प श्रमांत खोल पाणी गाठता येते. अशा नौकेवर एकट्याने बसलेल्या मनुष्यास पाण्याची खोली, तळाचे स्वरूप व माशांचे थवे दाखविणारे साधन म्हणजे मत्स्यशोधक यंत्र. पुष्कळ यंत्रांत उपग्रहांच्या साहाय्याने स्वतःचे स्थानही कळते. याच किनाऱ्यालगतच्या माट्लाहुआइल राखीव सागरी क्षेत्रात १ जानेवारी २०१२ पासून मासेमारीस बंदी आहे. तेव्हा यंत्र बंद पडणे म्हणजे केवळ मासे न मिळणे नव्हे, सीमा नकळत ओलांडली जाण्याचाही संभव असतो.

या यंत्राचे तत्त्व साधे आहे. संवेदकातील दाबविद्युत् पदार्थाची चकती, उदाहरणार्थ, २०० किलोहर्ट्झ वारंवारतेने कंप पावते व ध्वनीचे स्पंद पाण्यात सोडते. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १,५०० मीटर असल्याने या तरंगाची लांबी ७.५ मिलिमीटर भरते. ३० मीटर खोलीवरील तळाचा प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात परत येतो. हे मोजण्याचे काम करणारा विद्युत्-मंडलाचा भाग बंदिस्त कवचात असतो व तो सहसा बिघडत नाही. बिघाड होतो तो बहुधा कवचाबाहेर : जोडांत, तारांत, बॅटरीच्या पेटीत आणि संवेदकाच्या बैठकीत. म्हणूनच विश्वसनीयतेचा प्रश्न हा यंत्राचा कमी आणि जोडांचा अधिक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम जोडांचा विचार करू. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात व ते विजेचे चांगले वाहक असते. १२ व्होल्टच्या जोडातील दोन टाचण्यांमध्ये या पाण्याचा पातळ थर साचला, की त्या दोहोंचे विद्युत्-घटात रूपांतर होते. पाण्याच्या विघटनास तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात; येथे त्याच्या जवळजवळ दसपट दाब उपलब्ध असतो. धनाग्रावरील तांबे विरघळून हिरवट क्षार बनतात, ऋणाग्रावर हायड्रोजन निघतो व लवकरच धन टाचणी खाल्ली जाते. साध्या गंजण्यापेक्षा ही क्रिया कितीतरी जलद असते, परंतु तिला विद्युत्-दाबाची आवश्यकता असते. अनेकजण किनाऱ्यावर येताच यंत्राची कळ बंद करतात आणि निश्चिंत होतात. तथापि बॅटरी जोडलेली असेल तर टाचण्यांवरील दाब कायमच राहतो. यास्तव सर्वप्रथम बॅटरी सोडवावी, मगच सर्व भाग गोड्या पाण्याने धुवावेत.

नुसते वाळविणे पुरेसे नाही. मीठ हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी शोषून विरघळते. मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांवरच विरघळू लागते. म्हणून वाळलेला दिसणारा जोड किनाऱ्यावरील दमट हवेत पुन्हा ओला होतो. धुऊन वाळविल्यावर टाचण्यांस सिलिकोनचे ग्रीस लावावे. ते विद्युत्-रोधक असले तरी हरकत नाही. घट्ट जोडात धातूचा धातूशी स्पर्श होताना ते बाजूस सरते व उरलेली जागा भरून पाण्यास मज्जाव करते. तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या असाव्यात आणि वितळतार, म्हणजे फ्यूज, बॅटरीच्या धन टोकाजवळच असावी.

दुसरे कारण बंद पेटीचे. उन्हात ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली हवाबंद पेटी लाटेने २० अंशांपर्यंत थंड झाली, तर वायूच्या नियमानुसार आतील दाब सुमारे ९ टक्क्यांनी उतरतो. हा फरक जवळजवळ ९० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका असतो. झाकणाच्या रबरी कड्यात वाळूचा एखादा कण असल्यास पेटी तेथून पाणी आत ओढून घेते. सबब कडे प्रत्येक वेळी पुसावे, पेटी सावलीत ठेवावी. शिसे-आम्ल बॅटरी मात्र बंद पेटीत कधीही भारित करू नये; हायड्रोजन साचून स्फोट होण्याचा धोका असतो.

तिसरे कारण फसवे आहे. जोडात २ ओहमचा रोध निर्माण झाला आणि यंत्रास १ अँपिअर प्रवाह लागत असला, तर २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बॅटरी १२ व्होल्ट दाखवीत असूनही यंत्रास १० व्होल्टच मिळतात आणि पुष्कळ यंत्रे याच सुमारास बंद पडतात. यंत्र बंद ठेवून केलेल्या मापनात हा दोष दिसत नाही, कारण प्रवाहच वाहत नसतो. मापन यंत्र चालू असताना व त्याच्याच टोकाशी करावे.

शेवटी संवेदक. पॉलिएथिलीनचा ध्वनिरोध पाण्याच्या ध्वनिरोधाजवळचा असल्याने संवेदक नौकेच्या तळावर आतून बसविला तरी बहुतांश ध्वनी पार जातो. परंतु मध्ये हवेचा बुडबुडा राहिल्यास जवळजवळ सर्व ध्वनी तेथूनच परततो आणि पडद्यावर तळ दिसेनासा होतो. पॉलिएथिलीनवर गोंद नीट चिकटत नसल्याने आज घट्ट असलेली बैठक उद्या सुटू शकते. म्हणून तिची तपासणी नियमित करावी.

एवढे करूनही यंत्र समुद्रात बंद पडणार नाही अशी हमी देता येत नाही. म्हणून होकायंत्र आणि स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, पाणी न शिरणारा रेडिओ निराळा जवळ असावा. मत्स्यशोधक यंत्राने मासे शोधून द्यावेत. नाविकाचे परत येणे त्याच्यावर अवलंबून नसावे.